मुलांसोबत जिओकॅशिंग: फोनच्या जीपीएसवर खजिना शोधायचा खेळ, मसुऱ्याच्या उदाहरणासह

मे महिन्याची सुट्टी, आजोळ, दुपारची जेवणं झालेली आणि चार मुलं चार फोन घेऊन चार कोपऱ्यांत. कोकणात चाकरमान्यांच्या कुठल्याही घरात हे दृश्य दिसेल. त्याच फोनच्या जोरावर मुलांना घराबाहेर काढणारा एक खेळ आहे, त्याचं नाव जिओकॅशिंग. खेळ काय आहे, फोन त्यात नक्की काय करतो आणि आपल्या गावात तो कसा खेळायचा, हे या लेखात बघू. उदाहरणासाठी मालवण तालुक्यातलं मसुरे घेतलंय. परदेशी व्हिडिओ आणि गाइड बघून जशीच्या तशी नक्कल केली तर कोकणात काही गोष्टी थेट धोक्याच्या ठरतात, हेही तिथेच नीट कळतं.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश ॲपवर टाकतो. बाकीचे फोनमधल्या जीपीएसच्या मदतीने तिथे पोहोचतात, डबा शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तसाच परत ठेवतात. या डब्याला कॅश म्हणतात (कॅश म्हणजे इथे पैसे नव्हेत, लपवलेला साठा). डब्यात छोट्या वस्तू असतील तर एक घ्यायची आणि तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची. लहान मुलांना वहीत काडीचाही रस नसतो, सगळा जीव या अदलाबदलीत असतो. त्यामुळे निघताना खिशात दोन-चार गोट्या, किचेन, स्टिकर असं काहीतरी असू द्या.

काही डब्यांत ट्रॅव्हल बग नावाची नंबर कोरलेली धातूची पट्टी मिळते. ती उचलायची, दुसऱ्या कॅशमध्ये नेऊन ठेवायची आणि नंबर ॲपवर नोंदवायचा. मग ती कुठून कुठे फिरली ते नकाशावर दिसतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही एक कॅश नोंदलेली आहे. रिचर्ड गॅरियट या गेम डेव्हलपरने २००८ मध्ये तिथे गेल्यावर ती नोंदवली. मुलांना हे आधी सांगा, पुढचं सगळं ती ऐकून घेतात.

खेळ सुरू कसा झाला?

जीपीएस अमेरिकन सैन्याचं. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये ते मुद्दाम चूक मिसळायचे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने ही मुद्दाम केलेली चूक बंद केली आणि एका रात्रीत सगळे रिसीव्हर कितीतरी पट अचूक झाले. लगेच ३ मे २००० ला डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक काळी प्लॅस्टिकची बादली ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. त्यांचा नियम एवढाच होता: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. आज जगभरात तीस लाखांपेक्षा जास्त कॅश आहेत.

फोनला जागा कळते कशी, आणि चुकते कुठे?

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि सतत 'माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत' असं सांगत असतात. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून फोन अंतर काढतो. निदान चार उपग्रह दिसले की जागा नक्की होते. तीन जागेसाठी आणि चौथा फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढण्यासाठी. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, म्हणजे घड्याळ एवढंसं चुकलं तरी तुम्ही घराऐवजी खाडीत दिसाल. हल्लीचे फोन जीपीएसबरोबर रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि चीनचं बायडू वापरतात, काही नव्या फोनमध्ये आपलं नाविकही चालतं.

दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. रेंज नसली तरी जागा कळते. इंटरनेट असेल तर पहिली जागा लवकर पकडली जाते, इतकंच. नकाशा मात्र आधी डाउनलोड करून ठेवावा लागतो. दोन, मोकळ्या आकाशाखाली चांगला फोनही साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो. दाट आंब्याखाली, उंच चिऱ्याच्या भिंतीजवळ किंवा डोंगराच्या कुशीत सिग्नल आपटून वळून येतो आणि चूक दहा-पंधरा मीटर होऊ शकते. लपवणाऱ्याचा फोन पाच मीटर चुकलेला, शोधणाऱ्याचा पाच मीटर. म्हणजे शोधायची जागा एका खळ्याएवढी झाली.

म्हणून ॲपमध्ये अंतर दहा मीटरच्या आत आलं की फोन खिशात टाका. त्यानंतर बाण वेड्यासारखा गरगर फिरतो आणि मुलं डब्याऐवजी बाणाच्या मागे पळत बसतात. हा खेळ मुलांना आवडतो तो या शेवटच्या दहा मीटरमुळे, आणि मोठ्यांनी मुलांच्या शेजारीच उभं राहायचं तेही इथेच. का ते पुढे येईलच.

अक्षांश-रेखांश लिहिण्याची भानगड

यात मी स्वतः सपशेल आपटलोय. इंजिनिअरिंगची डिग्री असूनही.

एकच जागा दोन पद्धतींनी लिहितात. गुगल मॅप्सवर पिन टाकली की दशांश अंश मिळतात, मसुऱ्याच्या आसपास साधारण १६.१५ आणि ७३.५२. जिओकॅशिंगमध्ये मात्र अंश आणि दशांश मिनिटं चालतात. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून १६.१५ अंश म्हणजे १६° ०९.०००′ आणि ७३.५२ म्हणजे ७३° ३१.२००′. अपूर्णांकाला ६० ने गुणायचं, बस.

मी काय केलं? आजोळी मुलांसाठी डबा लपवला, गुगलवरून आकडे घेतले आणि दशांश चिन्हानंतरचे आकडे सरळ मिनिटांच्या चौकटीत भरले. म्हणजे १६° १५′, ७३° ५२′. मामेभावाची नऊ वर्षांची मुलगी फोन घेऊन खळ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ह्यात ३९ किलोमीटर दाखवतंय." बाण कणकवलीच्याही पलीकडे सह्याद्रीकडे वळलेला. डबा होता परसातल्या फणसाच्या बुंध्याशी.

हिशेब असा: अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जाऊ तसा लहान होतो, आपल्याकडे तो १०७ किलोमीटरच्या आसपास आहे. मी अक्षांशात ०.१ अंश चुकलो, ते ११ किलोमीटर उत्तरेला. रेखांशात जवळपास ०.३५ अंश, ते ३७ किलोमीटर पूर्वेला. मिनिटांमध्ये दशांशानंतर तीन आकडे असतात, त्यातला शेवटचा एकने बदलला तर जागा पावणेदोन-दोन मीटर सरकते. सातवी-आठवीतली मुलं असतील तर हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या. उत्तर बरोबर आलं तर डबा मिळतो, त्यामुळे कंटाळत नाहीत.

पहिला शोध

जिओकॅशिंगचं अधिकृत ॲप आहे. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं मोफत ओपन सोर्स ॲपही आहे, त्यात ऑफलाइन सोय चांगली आहे. खातं आईवडिलांच्या नावाने काढा आणि टोपणनाव घ्या. तुमच्या नोंदी सगळ्यांना दिसतात, त्यामुळे मुलांची नावं, चेहऱ्याचे फोटो, 'आम्ही अमुक तारखेपर्यंत गावी आहोत' असलं काही त्यात नको. मोफत खात्यावर काही कॅश उघडत नाहीत. सुरुवातीला त्याने काही अडत नाही, लगेच पैसे भरू नका.

प्रत्येक कॅशला दोन गुण असतात, शोधायला किती अवघड आणि वाट किती अवघड. दोन्ही १ ते ५. मुलं सोबत असतील तर दोन्ही २ च्या आत आणि प्रकार ट्रॅडिशनल, म्हणजे दिलेल्या जागीच डबा. आकार स्मॉल किंवा त्याहून मोठा. मायक्रो म्हणजे फिल्मच्या डबीएवढी, त्यात खेळणं मावत नाही आणि मुलं हिरमुसतात. शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. लागोपाठ 'सापडली नाही' असेल तर डबा बहुधा गेलाय. सूचना सांकेतिक लिपीत दिसली तर घाबरू नका. ती रॉट-१३ आहे, इंग्रजी अक्षर १३ घरं पुढे सरकवलेलं, ॲपमध्ये एका टॅपवर उलगडते.

या लोकांची स्वतःची भाषाही आहे. खेळ माहीत नसलेला माणूस म्हणजे 'मगल', हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. मगलना कळू न देता शोधायचं असतं. शहरात ठीक आहे, गावात ते जमत नाही. दोन अनोळखी माणसं झुडपात वाकून काहीतरी शोधताना दिसली की पाचव्या मिनिटाला कुणीतरी "काय शोधतास?" विचारणारच. सरळ खरं सांगून टाका. लपवाछपवी केलीत तर संशय वाढतो, सांगितलंत तर विचारणारा स्वतः शोधायला लागतो.

जवळ कॅशच नसेल तर?

मुंबई, पुणे, गोवा या भागात नकाशा उघडलात तर काही ना काही दिसेल. खेड्यात बऱ्याचदा नकाशा रिकामा असतो. मग आपला खेळ आपणच रचायचा. खातं नको, परवानगीची लांबड नको, आपल्याच घरच्या जागेत चार-पाच टप्पे.

डबा घट्ट झाकणाचा घ्या. खाऊ ठेवू नका, दहा मिनिटांत मुंगळे येतात आणि वास लागला तर माकडं डबा उघडून मोकळी होतात. जागा नोंदवताना फोन दोन-तीन मिनिटं तिथेच धरून आकडे स्थिर होऊ द्या. थोड्या वेळाने परत जाऊन पुन्हा नोंदवा आणि सरासरी घ्या. उपग्रह चित्रावर बोटाने पिन टाकण्यापेक्षा हे बरं, कारण चित्रात माडाच्या झावळ्या दिसतात, बुंधा दिसत नाही. बाण चुकीचा दाखवत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, होकायंत्र ठिकाणावर येतं. फोनच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर ते आधी काढा.

टप्पे जोडायला आकड्यांची कोडी करा. 'पायऱ्या मोज, तो आकडा क. मांगराच्या खिडक्या मोज, तो ख.' मग पुढची जागा १६° ०९.क४ख′ अशी द्या. मल्टी कॅश म्हणतात ती हीच. लहानग्यांना आकडे जमत नसतील तर त्यांच्याकडे फोटोचं काम: जागेचा अगदी जवळून काढलेला फोटो द्यायचा आणि ते काय आहे ते ओळखायला लावायचं.

गाव फिरायचं असेल तर मसुऱ्यात भरतगड आहे. कालावल खाडीच्या दक्षिण काठावर डोंगरावरचा किल्ला. वाडीच्या फोंड सावंतांनी आधी डोंगरावर विहीर खणून पाणी लागतंय का ते पाहिलं, मग बांधकाम केलं. १७०१ मध्ये किल्ला पूर्ण झाला. पलीकडच्या काठावर बावडेकरांचा भगवंतगड आहे, म्हणजे खाडीच्या दोन बाजूंना दोन सत्तांचे दोन किल्ले. 'इथून भगवंतगड कुठल्या दिशेला आहे, होकायंत्रात अंश बघ' किंवा 'आधी विहीर का खणली असेल?' असे प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. डबा ठेवायचाच नाही. भरतगड खासगी मालकीचा आहे, आत बाग आहे. आत जाताना विचारून जायचं आणि आंबे-काजूला हात लावायचा नाही.

डबा कुठे ठेवायचा नाही

हा भाग घाईत वाचू नका.

परदेशी व्हिडिओंमध्ये डबा लपवायची सर्वात आवडती जागा म्हणजे दगडी कुंपणाची फट. मीही दुसरा डबा गडग्यात ठेवला होता, चिरे एकावर एक रचलेले, मधे छान पोकळी. मामीने पाहिलं आणि जे सुनावलं ते असं: "गडग्यात हात घालूक सांगतंस पोरांका? थंय फुरसा असता." सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या जांभ्या दगडाच्या भागात फुरसं भरपूर आहे. लहानसा, मातीच्या रंगाचा, अत्यंत विषारी साप, आणि दिवसा तो दगडांखाली, फटीतच बसतो. मी जी जागा मुलांना 'इथे नीट हात घालून बघा' म्हणून देणार होतो, तीच त्याची जागा. डबा तिथल्या तिथे काढला.

तेव्हापासून आमचा नियम असा की जे डोळ्यांना दिसत नाही तिथे हात जात नाही. डबा कमरेच्या वर, मोकळा दिसेल असा: फांदीला टांगलेला, खांबाला बांधलेला. गडगा नाही, पातेरा नाही, झाडाची ढोली नाही, चिऱ्यांची रास नाही. प्रत्येक मुलाच्या हातात काठी, पायात बूट, अंधार पडायच्या आत घरी. दुसऱ्या कुणाची कॅश शोधताना ती फटीत आहे असं वाटलं तर आधी टॉर्च आणि काठी, आणि हात मोठ्या माणसाचा. शंका आली तर 'सापडली नाही' लिहून निघून या. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला भाग हलवू न देता १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

विहिरी हा दुसरा धोका. जुन्या बागांमध्ये कठडा नसलेल्या विहिरी असतात, आणि फोनच्या बाणाला मध्ये विहीर आहे हे कळत नाही. तो सरळ रेषेत नेतो. खेळ रचण्याआधी सगळी वाट एकदा स्वतः चालून बघा.

देवराई, देवळाचं आवार, राखणदाराचा दगड इथे डबा नको. तुमचा विश्वास असो नसो, गावाचा आहे. गर्दीच्या जागीही नको. आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा मसुऱ्यातच भरते. तारीख देवीचा कौल घेऊन ठरते आणि लाखो माणसं येतात. अशा ठिकाणी झाडामागे ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा म्हणजे पोलिसांच्या दृष्टीने बेवारस वस्तू. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, जेटी यांनाही हेच लागू. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे, तिथे भिंतीत काही खुपसायचा विचारही करू नका.

परदेशातून नातेवाईक खेळाचं सामान घेऊन येणार असतील तर त्यांना एवढं कळवा: सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारी हातातली उपकरणं भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर अडकाल. साधा फोन पुरतो.

अधिकृत कॅश नोंदवायची असेल तर

घरचा खेळ जमला की गावाच्या नावाने नकाशावर एक ठिपका असावा असं वाटतंच. नियम थोडक्यात: जागामालकाची परवानगी हवी, जमीन खणून पुरायचं नाही, दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर हवं. नोंद आधी एक स्वयंसेवक तपासतो, मग प्रसिद्ध होते.

चाकरमानी अडकतो तो देखभालीच्या अटीवर. डबा भिजला, फुटला, वही भरली तर मालकाने जाऊन दुरुस्त करायचं असतं. सुट्टीत येऊन ठेवलेली आणि मग वर्षभर वाऱ्यावर सोडलेली कॅश तपासणारे सहसा मंजूर करत नाहीत, आणि माझ्या मते बरोबरच आहे. मे महिन्यात ठेवलेला डबा गणपतीला येईपर्यंत चिखलाचा गोळा झालेला असतो. त्यामुळे गावात कायम राहणारा कुणीतरी, शक्यतो तिथलीच दहावी-अकरावीतली मुलं, सोबत घ्या. नोंदीत त्यांचं टोपणनाव घाला आणि देखभाल कोण करणार तेही लिहा. असं कुणी मिळत नसेल तर अर्थकॅशचा विचार करा. त्यात डबा नसतो. एखादी भूगर्भीय गोष्ट प्रत्यक्ष बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. जांभ्याचा सडा किंवा खाडीच्या तोंडाशी साचणारी वाळू हे त्यासाठी उत्तम विषय आहेत. मात्र माहिती शास्त्रीय लागते आणि तीही तपासली जाते.

वहीत लिहायला पेन्सिल ठेवा, पेनची शाई दमट हवेत पसरते. वही झिपच्या पिशवीत, सोबत चपलांच्या खोक्यात मिळतात तसल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. मृगाच्या आधी डबा घरात आणा आणि नोंद तात्पुरती 'डिसेबल' करा, म्हणजे पावसात कुणी उगाच शोधत येणार नाही. गणपतीला डबा पुसून, नवीन वही घालून परत लावायचा, आकडे पुन्हा एकदा तपासायचे आणि नोंद चालू करायची. हे शेवटचं काम आमच्याकडे आता मामेभावाची मुलगी करते. मिनिटांच्या चौकटीत काय भरायचं याबाबत माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.